शिडीला तळ कुठे? रानआमरींच्या जीनोम मोजणीच्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२५

आज नवी वही. जुन्या वहीत हिशेब, फोन नंबर आणि मोजणी सगळं एकत्र झालं होतं, त्यामुळे सरांनी बजावलंय की या वहीत फक्त काम. आणि एक नियम घालून दिला: तीन झाडं, तीन वेगळे दिवस, एवढं पुरं झाल्याशिवाय कुठल्याही जातीचा आकडा शाईने लिहायचा नाही. तोवर पेन्सिल.

काम काय ते एकदा लिहून ठेवते, वर्षभराने मलाच उपयोगी पडेल. सह्याद्रीतल्या दुर्मीळ आमरींच्या (ऑर्किडच्या) पेशीकेंद्रात डीएनए किती आहे ते मोजायचं. जनुकं वाचायची नाहीत, क्रम लावायचा नाही. नुसतं वजन, तेही पिकोग्रॅममध्ये. एक पिकोग्रॅम म्हणजे ९७.८ कोटी बेस-जोड्या (डीएनएच्या साखळीचे दुवे). माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात साधारण ३१० कोटी जोड्या असतात, म्हणजे तीन पिकोग्रॅमच्या थोडं वर.

ऑर्किड कुळ या बाबतीत विचित्र आहे. आजवर मोजलेल्या जातींत सगळ्यात हलकी ट्रायकोसेंट्रम माडुरोई, एका संचाला ०.३३ पिकोग्रॅम. सगळ्यात जड पोगोनिया ऑफिओग्लॉसॉइडेस, ५५.४. एकाच कुळात १६८ पट फरक! जड असणारीला जनुकं जास्त असतात असं मात्र नाही. वाढलेला माल बहुतेक पुन्हापुन्हा आलेल्या डीएनएचा. पण तो वाहावा लागतोच. केंद्रक मोठं, म्हणून पेशी मोठी, म्हणून विभाजन सावकाश. विनोग्रादोव या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं होतं की धोक्यात असलेल्या वनस्पतींचे जीनोम (एका संचातला सगळा डीएनए) सरासरीने मोठे असतात. आमच्याकडच्या आमरींना ते लागू होतं का, हे सांगायला आधी आकडे पाहिजेत, आणि आपल्या हाबेनारियांचे (जमिनीवरच्या आमरींचा एक गट) आकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेसुद्धा मला सापडले नाहीत.

२१ मे

मानकाचं बी आलं, म्हणजे ज्यांच्या डीएनएचं वजन आधीच पक्कं माहीत आहे अशा रोपांचं. वाटाणा, वाण 'त्स्तिराद', ९.०९ पिकोग्रॅम. टोमॅटो, वाण 'स्टुपित्स्के पोल्नी राने', १.९६. (हे दुहेरी संचाचे आकडे, वहीत 'दोन-सी' असं लिहिणार आहे. एकेरी संच म्हणजे 'एक-सी'.) दोन्ही चेक वाणं. ओलोमोउत्सच्या प्रयोगशाळेने ती जगभर वाटली आणि आता सगळे त्यांच्याच मापाने मोजतात. किराणा दुकानात तराजूसाठी ठरलेलं वजन असतं तसं हे. ज्युनियरने विचारलं, "मंडईतला वाटाणा का चालत नाही?" चालेलही, पण त्याचं वजन कुणी ठरवलंय? आणि उद्या दुसऱ्या लॅबने मोजलं तर ती मंडई कुठून आणणार?

कुंडीत आठ-आठ बिया टाकल्या. उंदरांपासून वर जाळी.

३ जून

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत. इकडेही वळीव आणि मान्सून यांत फरक करायला वेळ मिळाला नाही. गावाबाहेरच्या रस्त्याकडेचा जुना आंबा आडवा झाला आणि त्याच्या फांदीवर सीतेची वेणी, फुलासकट. रिंकोस्टायलिस रेटुसा. कुऱ्हाडवाले फांदी तोडत होते. "बांडगूळ हाय ते, टाका तिकडं," एकजण म्हणाला. आमरीला बांडगूळ म्हणणं हा आमच्याकडचा सर्वांत जुना अन्याय. बांडगूळ झाडाचा रस ओढतं, हिला फक्त बसायला फांदी लागते. त्याला एवढं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि ती फांदी गाडीत चढवूनही दिली.

तीन रोपं वाचली. शेडनेटमध्ये नारळाच्या करवंट्यांवर बांधली. ही सामान्य जात आहे, दुर्मीळ नाही, म्हणूनच सरावाला हीच. हात बसेपर्यंत दुर्मीळ झाडाच्या पानाला ब्लेड लावायचं नाही, हा दुसरा नियम. हा माझा मी केलेला.

११ जून

मशीनवर पहिली पाळी. फ्लो सायटोमीटर आमच्याकडे नाही, दुसऱ्या शहरातल्या केंद्रात तासाच्या दराने मिळतो. पहाटेची एसटी, मांडीवर थर्मोकोलचा डबा, त्यात ओल्या टिश्यूत गुंडाळलेली पानं. बर्फाच्या पिशव्या तळाला, मध्ये वर्तमानपत्र. पान बर्फाला टेकलं की गोठतं आणि मग काही उरत नाही. खंबाटकीत वाहतूक तुंबली तेव्हा माणसं पाणी शोधत होती, मी डब्यात हात घालून गारवा बघत होते.

पद्धत साधी आहे, किचकट नाही, फक्त चटपटीत पाहिजे. पेट्री डिशमध्ये थंड बफर, त्यात नखाएवढा आमरीच्या पानाचा तुकडा आणि तेवढाच वाटाण्याचा. नव्या ब्लेडने भराभर बारीक चिरायचं, कोथिंबीर चिरतात तसं, पण दाबायचं नाही. एका नमुन्याला ब्लेडची एक कड, दुसऱ्याला दुसरी. पेशी फुटतात, केंद्रकं बफरमध्ये सुटतात. ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं, प्रोपिडियम आयोडाइड (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) घालायचं, मशीनला द्यायचं. एकेक केंद्रक लेसरसमोरून जातं, जेवढा डीएनए तेवढी चमक, आणि सारख्या चमकेच्या केंद्रकांचा पडद्यावरच्या आलेखात एक सुळका. मानकाचा सुळका आणि नमुन्याचा सुळका यांच्या जागांचं गुणोत्तर काढायचं, मानकाच्या वजनाने गुणायचं.

आज आधी वाटाणा आणि टोमॅटो एकत्र घातले. ९.०९ भागिले १.९६ म्हणजे ४.६४ यायला हवं. तेवढंच आलं! मशीन सरळ मोजतंय.

मग सीतेची वेणी. ब्लेड चामड्यात घालावं तसं पान, आणि चिरल्यावर बफरची भेंडीची भाजी झाली. तार सुटत होती. गाळणीवर थेंब बसून राहिला, खाली येईना. जे खाली आलं त्याचा सुळका म्हणजे टेकडी. मशीनवरच्या मॅडमनी एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "आरएनएज घातलंत?"

नव्हतं घातलं. आरएनए तोडून टाकणारं ते विकर, त्याची नळी बर्फात तशीच उभी. प्रोपिडियम आयोडाइड आरएनएलाही धरतं, त्यामुळे चमकेत भेसळ. दोन तासांचे पैसे गेले. परतीच्या गाडीत जेवले नाही.

१८ जून

बफर बदललं. त्यात पीव्हीपी वाढवलं, मरकॅप्टोइथेनॉल ताजं घातलं (सगळ्या मजल्यावर सडक्या कोबीचा वास, शेजारच्या लॅबने दार लावून घेतलं). पान कमी घेतलं, आधीच्या चौथाई. चिकटपणा निम्म्याने कमी. आरएनएजच्या नळीवर लाल टेप. सुळके सुईसारखे नाहीत, पण पसरट गुणांक (सुळका किती पसरलाय त्याचं माप) तीन टक्क्यांच्या जवळ आला. पाच टक्क्यांच्या वर गेलं की फेकून द्यायचं ठरलंय.

२ जुलै

एकपानी फुलली. हाबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान, मधून दांडा, त्यावर पांढरं फूल. पठारावर पहिल्या पावसानंतर ठिकठिकाणी. ही जमिनीवरच्या आमरींमधली सरावाची.

इथे थोडं थांबून लिहिते, कारण या गटाबद्दल मला वाटणारी गंमत हीच आहे. झाडावरच्या आमरींचे जीनोम साधारणपणे लहान, जमिनीवरच्यांचे मोठे, असं दिसतं. एकपानीचा कंद आठ महिने मातीत झोपतो. पाऊस पडला की महिन्याभरात पान, दांडा, फूल, सगळं. एवढ्या घाईत पेशी विभागत बसायला वेळ कुठून? कंदांच्या वनस्पतींबद्दल सांगतात ते असं, की पेशी आधीच तयार करून ठेवलेल्या असतात, पावसात त्या फक्त पाण्याने फुगतात. मग सावकाश विभागणारा मोठा जीनोम अडचणीचा राहत नाही. हे पटतं. पण पटणं आणि मोजणं वेगळं.

एका पानाच्या कडेचा तुकडा, पाच मिलिमीटर. पडद्यावर एक सुळका नाही, चार. शिडीच! केंद्रक विभागत नाही पण डीएनए पुन्हा उतरवून घेतं, त्यामुळे एकाच पानात वेगवेगळ्या वजनाची केंद्रकं. हे ठाऊक होतं. पण पायऱ्या दुपटीच्या हव्यात. दोन-सी, चार-सी, आठ-सी. माझ्या पायऱ्या दुपटीच्या नाहीत. सगळ्या दोनच्या आत.

आधी वाटलं मशीन बिघडलं. वाटाणा-टोमॅटो पुन्हा घातले. ४.६४.

५ जुलै

ऑर्किडचा हा रोग प्रसिद्ध आहे, मलाच वाचायला उशीर झाला. काही जातींत डीएनए सगळा उतरवला जात नाही, ठरावीक भागच दर फेरीला उतरतो. 'अंशतः' पुनरावृत्ती. व्हॅनिलात हे नीट मोजलेलं आहे. (कोकणात सुपारीच्या बुंध्यावर चढवतात तीच व्हॅनिला, तीही आमरीच. सांगितलं की आईसुद्धा विश्वास ठेवत नाही.) व्हॅनिलाच्या पायऱ्या १.४३, १.६१, १.७६, १.८२ अशा. दर पायरीला दोनच्या जवळ जवळ, पण दोन नाही.

रात्री कागदावर मांडलं. मूळ वजन १ धरा. उतरणारा भाग 'प'. पहिल्या फेरीनंतर १+प. दुसऱ्या फेरीत तोच भाग दुप्पट उतरतो, म्हणून १+३प. मग १+७प. 'प' ०.४४ धरला की गुणोत्तरं येतात १.४४, १.६१, १.७६, १.८६. व्हॅनिलाशी जुळतं.

आता खरी मेख. समजा पानात सगळ्यात खालचा सुळका, म्हणजे खरा दोन-सी, दिसलाच नाही. जून झालेल्या पानात बहुतेक केंद्रकं वरच्या पायऱ्यांवर गेलेली असतात, त्यामुळे हे सहज होतं. मग मी दुसऱ्या पायरीलाच तळ समजणार आणि आकडा ४४ टक्क्यांनी फुगणार. मला वाटलं, हरकत नाही, पायऱ्यांची गुणोत्तरं बघून ओळखता येईल की खालची पायरी गळाली आहे.

नाही येत. दोन तास गणित केलं तेव्हा कळलं. दुसरी पायरी तळ मानली तर नवा 'प' निघतो ०.६१. आणि त्या 'प'वरून पुढच्या पायऱ्या काढल्या तर १.६१, १.७६, १.८६. अगदी तेच आकडे! शिडी वरून कापली काय, खालून कापली काय, उरलेला तुकडा स्वतःच एक अख्खी शिडी वाटतो. नुसत्या पानावरून तळ सांगता येत नाही, कितीही चांगलं मशीन असो.

उद्या आषाढी. आईने साबुदाणा भिजवलाय. कागद तसाच टेबलावर.

९ जुलै

सरांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला. "अगं, मग पान सोड. जिथे पुनरावृत्ती होतच नाही तिथे जा."

म्हणजे पराग. परागकणात एकच संच असतो, एक-सी. परागकणाच्या आत दोन केंद्रकं असतात. त्यातलं वर्धी केंद्रक एक-सीवरच राहतं, जनन केंद्रक पुढच्या विभाजनाच्या तयारीत दोन-सीपर्यंत जातं. त्यामुळे दोन सुळके अपेक्षित, आणि तेही अचूक दुपटीचे. खालचा म्हणजे एक-सी. शंकेला जागा नाही.

आणखी एक फायदा सर बोलले नाहीत, मला परतताना सुचला. एकपानीला पान एकच. त्याचा तुकडा घेणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या कंदाच्या शिध्यातून काढून घेणं. पण हाबेनारियाच्या प्रत्येक फुलात परागपिंड (परागाचे गोळे) दोन असतात, डावा आणि उजवा. एक घेतला तरी पराग वाहून नेणाऱ्या पतंगासाठी दुसरा राहतोच.

१६ जुलै

परागपिंड काढायची तालीम, एकपानीवरच. शिसपेन्सिलीचं टोक फुलाच्या तोंडाशी सरकवायचं, एका बाजूने. चिकट चकती टोकाला लागते, क्षणभर थांबायचं, बाहेर ओढायचं. पेन्सिलीच्या टोकाला पिवळा ठिपका, देठासकट, मोहरीच्या निम्म्याएवढा. डार्विननेही पेन्सिलच वापरली होती. दीडशे वर्षांहून जास्त काळात अवजार सुधारलेलं नाही, सुधारायची गरजही पडली नाही.

बारापैकी चार वेळा दोन्ही पिंड निघाले, म्हणजे ते फूल नापास. सातव्यापासून हात जमला.

मशीनवर: परागाचे दोन सुळके, गुणोत्तर दोन. खालच्याची दुप्पट केली आणि पानाच्या आलेखावर ती जागा शोधली. तिथे सुळका नव्हता. पानाचा पहिला सुळका त्याच्या बराच वर! बारीक सुळकेही दिसावेत म्हणून मॅडमनी मापपट्टी लॉग करून दिली, फुटक्या पेशींच्या कचऱ्याच्या उतारावर बरोब्बर त्या जागी एक बारीक उंचवटा, शंभरभर केंद्रकांचा. तोच खरा तळ. २ जुलैचा माझा पेन्सिलचा आकडा फुगलेला होता. खोडरबराने पुसला. शाईने लिहिला असता तर खाडाखोड राहिली असती.

खातरजमेसाठी एक न उमललेली कळी घेऊन तिचं बीजांडाशय चिरलं, तिथे दोन-सी ठळक. पण त्यासाठी एक फूल जातं. सामान्य जातीत चालेल. पुढच्या जातीत नाही.

१९ ऑगस्ट

पठार बंद. तीन दिवस ढगफुटीसारखा पाऊस. परवानगीच्या कागदावरची तारीख २५ सप्टेंबरपर्यंत आहे. वन खात्याची अट: उपटायचं नाही, कंद उघडा करायचा नाही, जागा कुठेही छापायची नाही. शेवटची अट मला सगळ्यात आवडते. आमरींच्या जागा जाहीर झाल्या की आधी फोटोवाले येतात आणि मग पोतंवाले. म्हणून या वहीतही पठाराचं नाव नाही.

कुणीतरी सुचवलं होतं की पानं परदेशी लॅबला पाठवा, आठवड्यात आकडे देतील. ऑर्किडचं अख्खं कुळ साइट्सच्या (दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्टात आहे. एका पानाच्या तुकड्याला कागदपत्रांचं पोतं. त्यापेक्षा एसटी बरी.

२७ ऑगस्ट

गणपती. सुट्टी. वाटाण्याची तिसरी पेरणी मात्र झाली, आरतीआधी.

१० सप्टेंबर

आज हाबेनारिया पंचगणीएन्सिस. महाराष्ट्राची स्वतःची, बाहेर कुठे नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ सांतापाव आणि कापडिया यांनी पाचगणीवरून नाव दिलं.

मामा सोबत होते. त्यांचं वनरक्षकाचं काम सुटून सहा वर्षं झाली, पठार सुटलेलं नाही. धुकं इतकं की त्यांची छत्रीच दिसत होती. मी हिरव्या गवतात हिरवं फूल शोधत होते, अर्धा तास. "ताई, पाय उचला आधी. तुमी जिथं हुब्या हाय, तिथंच हाय की." बुटापासून वीतभर अंतरावर. गवताच्या काडीपेक्षा जेमतेम जाड दांडा, त्यावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक पाकळ्यांची हिरवट फुलं. गुडघे टेकले ते तासभर उठले नाहीत.

एकूण अकरा झाडं दिसली. तीन निवडली, प्रत्येकी पाचपेक्षा जास्त फुलं असलेली. प्रत्येकाच्या एका फुलातून एक परागपिंड, नेहमी डावा, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर गोंधळ नको. तिसऱ्या झाडाला वारा आला आणि पेन्सिल हलली. दोन्ही पिंड निघाले. पतंगाला दुसरा राहतोच, असं मी ९ जुलैला लिहिलं होतं. हे इथे लिहून ठेवते.

पानं घेतली नाहीत. सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प होते, मग म्हणाले, पानाची शिडी नसली तर निबंधात एक आकृती कमी होईल एवढंच. हो, एवढंच.

त्याऐवजी मामांच्या सल्ल्याने पानाच्या पाठीला पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब लावला, वाळल्यावर टेपने उचलला. पर्णरंध्रांचा ठसा मिळतो, झाडाला ओरखडाही नाही. रंध्राच्या रक्षक पेशी मोठ्या असल्या तर जीनोमही मोठा असण्याची शक्यता जास्त. पुरावा नव्हे, पण साक्ष. (नेलपॉलिश मामांच्या नातीची. परत द्यायची आहे.)

११ सप्टेंबर

तीन नमुने, तीन सुळक्यांच्या जोड्या, गुणोत्तर दोन. वाटाण्याच्या सुळक्यावर आमरीचा सुळका चढला नाही हे नशीब. एका नमुन्यात केंद्रकं फार कमी, बाराशेच. पाच हजार हवीत. परागपिंड एवढासा, त्यात आणखी कुठून आणू? बाराशेचा सुळका तरी सरळ उभा होता, पसरट गुणांक साडेतीन.

तीन झाडं झाली. पण दिवस एकच. म्हणून आकडा पेन्सिलने, आणि तोही मागच्या पानावर. मॅडमनी विचारलं, "आला का मनासारखा?" मनासारखा म्हणजे किती, हेच मला ठाऊक नाही.

८ ऑक्टोबर

पठारावर पुन्हा. गवत पिवळं पडायला लागलंय, धुकं गेलं, अकरापैकी आठ झाडं सापडली. दोन खुणेच्या काड्या गुरांनी तुडवल्या. एक झाड मुळापर्यंत खाल्लेलं, पण कंद असेल खाली.

पिंड काढलेल्या तीन फुलांपैकी दोघांना शेंग धरली आहे. तिसरं, ज्याचे दोन्ही पिंड गेले होते, त्यालाही. पराग दुसऱ्या झाडावरून पतंगाने आणला असणार, माझ्या चुकीची त्याला काही पडलेली नाही. शेंगेला हात लावला नाही. उकलायला अजून पंधरा दिवस लागतील, म्हणाले मामा. परवान्याची मुदत संपली आहे, त्यामुळे आज फक्त पाहणी. नवा अर्ज जानेवारीत. उरलेले दोन दिवस पुढच्या सप्टेंबरात, नव्या फुलांवर.

नेलपॉलिश दिली. नातीने झाकण उघडून पाहिलं, किती संपलं ते.